भाऊजींनी जोडलेला शेवटचा कॉम्प्युटर

ताईचा फोन आला तेव्हा मी हिंगण्याच्या आमच्या कारखान्यात, भांडारात, नुकतीच आलेली खोकी मोजून घेत होते. ताई एरवी फोनवर आधी "जेवली का?" विचारते. त्या दिवशी तिनं ते विचारलं नाही. "संध्या, तुझे भाऊजी गेले वं," ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, जणू मलाच धीर द्यायचा आहे अशा आवाजात, "चहा पेऊन खुर्चीत बसले होते. मी कपडे वाळत घालून आली, तं… झोपल्यासारखेच होते." मी हातातलं खोकं खाली ठेवलं, उरलेली मोजणी सहकाऱ्याकडे सोपवली आणि कागद ओढून लिहायला लागले: पुण्याला ताईच्या मुलाला, निखिलला फोन, डॉक्टर, दाखला, शेजारी, ताईजवळ ताबडतोब कोण बसेल… माझा स्वभावच तसा आहे. संकट आलं की आधी यादी, रडणं नंतर. यादी संपली आणि मग लक्षात आलं, की मनात सगळ्यांत वर जे आलं होतं ते दुःख नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटत होतं. कंपवात माणसाला शेवटी कुठवर नेऊ शकतो हे आम्ही ओळखीच्या एका घरात पाहिलं होतं, आणि भाऊजींच्या बाबतीत ती भीती आम्ही सगळेच मनात धरून होतो, बोलत कोणीच नव्हतं. ते त्यातल्या शेवटच्या पायऱ्यांपर्यंत न पोचता, चहा पिऊन, आपल्या खुर्चीत बसून गेले. बेसाला त्यांच्या घरी पोचेपर्यंत मी भरपूर रडले, ते वेगळं. पण सुटकेची ती भावना आज इतक्या आठवड्यांनंतरही टिकून आहे. तिला दुसरंही एक कारण आहे. ते कारण म्हणजे एक कॉम्प्युटर, आणि तेच सांगायला बसले आहे.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुलभाताईचे यजमान मधुकरराव. हिंगण्याच्याच एका कारखान्यात ते मोजमापाच्या उपकरणांच्या विभागात होते, आणि निवृत्तही तिथूनच झाले. घरातलं काहीही बंद पडलं की सगळं गणगोत त्यांनाच फोन लावायचं. त्यांची पद्धत मात्र अशी, की हत्यारं घेऊन धावत यायचं नाही, आधी विचारायचं. माझं नवीन लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट. सासरी पाहुणे जेवायला बसायचे होते आणि ऐन वाटणाच्या वेळी मिक्सर बंद पडला. मी रडकुंडीला येऊन फोन केला, "भाऊजी, लवकर या." तिकडून अगदी सावकाश उत्तर आलं, "येतो. पण आधी सांग, आवाज येते का?" नाही म्हटलं. "वास येते?" तोही नाही. "मंग पलटव त्याले. खाली लाल बटन दिसते का? दाब." दाबलं, आणि मिक्सर घरघरायला लागला. "आता येऊ का?" म्हणाले. मी म्हटलं, "नका येऊ, झालं." तर म्हणतात, "पाह्य, पाहुणे जेवून राह्यले, अन् मलेच नाही बोलावून राह्यली!" पुढे कित्येक वर्षं, आमच्याकडे जेवायला आले की पहिला घास घेण्याआधी ते त्या मिक्सरची चौकशी करायचे.

हीच पद्धत त्यांनी मलाही लावली. बंद पडलेल्या वस्तूवर तुटून पडायचं नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि ती बदलल्यावर काय झालं ते नीट पाहायचं. भांडारात कामाला लागले तेव्हा याच शिस्तीनं मला तारलं. मी प्रत्येक गोष्टीची यादी करते म्हणून ते मला 'यादीबाई' म्हणायचे. "यादीबाई, तुह्या यादीत माहा चहा कितव्या नंबरवर आहे?" हा प्रश्न मी त्यांच्या घरात पाऊल टाकलं रे टाकलं की ठरलेला. मीही सोडायचे नाही. "तुमचं नाव कापलं मी, ताईनं शुगर सांगितली."

कॉम्प्युटर जोडणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. तयार डबा विकत घ्यायचा नाही. बर्डीच्या बाजारातून एकेक भाग निवडून आणायचा आणि बेसाच्या घराच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर, स्वतः जोडायचा. नात्यातल्या जवळपास प्रत्येक घरात त्यांनी जोडलेला एखादा कॉम्प्युटर आहे. मी घरी वापरते तोही त्यातलाच. कारखान्यातला एक रिवाज त्यांनी घरीही पाळला होता. नवीन मशीन पूजा झाल्याशिवाय चालू करायचं नाही. म्हणून सगळं जोडून, झाकणं लावून झालं की ताई हळद-कुंकू आणि फूल वाहायची, भाऊजी नारळ फोडायचे आणि मग बटण दाबायचे. कॉम्प्युटर सुरू झाला की ताईच्या हातावर खोबरं ठेवून म्हणायचे, "घे, तुह्या देवाचं अर्धं, माह्या एसएमपीएसचं अर्धं." एसएमपीएस म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा तो चौकोनी डबा, पण ताईला बरीच वर्षं तो भाऊजींचा एखादा साहेब वाटत होता.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात असल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या, स्कूटर बंद केली. भाऊजींनी हे सगळं निमूटपणे ऐकलं. बदलली ती एकच गोष्ट… ते हात लपवायला लागले. बसले की मांडीवर पेपर आणि पेपरखाली हात. उभे असले की हात खिशात. चारचौघांत चहा घेणं सोडून दिलं. "आत्ताच झाला" म्हणायचे. पेपरची कड तेवढी सारखी हलत राहायची आणि समोर बसलेला माणूस भिंतीकडे बघत बोलायचा.

अशात त्यांचा स्वतःचा जुना कॉम्प्युटर अगदीच रेंगाळायला लागला. नवीन जोडायचं त्यांनी ठरवलं. पुण्याहून निखिल, त्यांचा मुलगा, फोनवर म्हणाला, "बाबा, मी तयारच पाठवतो न. तुम्ही आता हे… कशाला?" त्या मधल्या थांबण्यात काय होतं ते भाऊजींना बरोबर कळलं. त्याच आठवड्यात ते ऑटोनं बर्डीवर गेले आणि सगळं सामान घेऊन आले. जोडायला या वेळी बरेच दिवस लागले. ताई सांगायची, "दार लावून बसतात. मले आत येऊ देत नाहीत. मधातच पेचकस पडल्याचा आवाज येते, अन् मंग किती तरी वेळ काहीच आवाज येत नाही." चालू करायला त्यांनी दसरा धरला होता. निखिललाही सांगून ठेवलं होतं, की दसऱ्याला दुपारी व्हिडिओ कॉल लाव, पाह्य बाप काय करते ते.

दसऱ्याला मी तिथं नव्हते. नंतर ताईनं सगळं सांगितलं. दुपारी कॉल लागला. पूजा झाली, नारळ फुटला, भाऊजींनी बटण दाबलं. पंखे फिरले, आतले दिवे लागले, स्क्रीन मात्र काळी ती काळीच. पुन्हा बंद केलं, पुन्हा लावलं. काळी. फोनच्या पडद्यावर निखिल, सून, नात, सगळे बघत होते. निखिल म्हणाला, "बाबा, राहू द्या न. मी पाठवतो." एवढंच म्हणाला बिचारा, आणि तेही मायेनं. भाऊजींनी वायर काढली, कॉम्प्युटरवर जुनी चादर टाकली आणि खोलीचं दार ओढून घेतलं. त्यानंतर त्यांनी त्या खोलीत पाय ठेवला नाही. काही दिवसांनी ताईनं मला फोन केला, आणि तो कॉम्प्युटरसाठी नव्हताच. "संध्या, यांनी पेचकसाची पेटी कबाडीवाल्याले द्यायले काढली वं. अन् मले म्हणतात, निखिलले सांग, आपण येतो म्हणून, पुण्याले, कायमचे. घराले भाडेकरू पाह्य म्हणतात." पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, ठेवायची ती पेटी कारखान्यातल्या पहिल्या बोनसची. तिला हात लावल्याबद्दल त्यांनी निखिलला लहानपणी एकदा बदडलं होतं. मी रविवारची बाकी सगळी कामं यादीतून खोडली.

रविवारी सकाळी बेसाला पोचले तर भाऊजी व्हरांड्यात, मांडीवर पेपर. "आल्या का यादीबाई? तुले कोनं बोलावलं?"

"पेचकसाची पेटी न्यायला आली. कबाड्याले देता, त्यापेक्षा मले द्या."

"ने," ते म्हणाले.

मला टोमणा अपेक्षित होता, भांडण अपेक्षित होतं. मिळालं ते नुसतं 'ने'. मग जे अनेक वर्षं त्यांच्या तोंडून ऐकत आले होते तेच मी विचारलं. "भाऊजी, आधी सांगा. आवाज येते का?"

"कशाचा?"

"तुमच्या कॉम्प्युटरचा. वास येते?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "माह्याच गोष्टी मले शिकवून राह्यली का वं?"

"मंग सांगा न."

ते रस्त्याकडे वळून बसले. मग म्हणाले, "पंखे फिरते. लाइट लागते. वास नाही. डिस्प्ले नाही." आणि मग, माझ्याकडे न बघता, त्यांनी ताईलाही न सांगितलेलं ते सांगितलं. प्रोसेसर बसवायच्या जागी केसाएवढ्या बारीक पिना असतात. त्यांच्यावर तो चौकोनी तुकडा अलगद, सरळ ठेवायचा असतो. एक पीन वाकली तरी बोर्ड कामातून गेला. प्रोसेसर ठेवताना त्यांचा हात हलला होता. तुकडा आधी तिरपा टेकला, मग सरळ बसला. "त्या टायमाले हातानं माह्य ऐकलं नाही, संध्या. पिना वाकल्या असतील."

"उघडून पाहिलं तुम्ही?"

"नाही."

भाऊजी आणि उघडून पाहिलं नाही! ते म्हणाले, "पाह्यलं, अन् वाकल्याच असल्या तं?" पेपरची कड जोरजोरात हलत होती. तेव्हा मला कळलं, की प्रश्न कॉम्प्युटरचा नाहीच. पिना वाकलेल्या दिसल्या असत्या तर आपले हात संपले हे त्यांना कायमचं मान्य करावं लागलं असतं. न बघताच पुण्याला निघून जाणं त्यापेक्षा सोपं होतं.

मी विचारलं, "प्रोसेसर न काढता कळेल असं काही नाही का?"

त्यांचा चेहरा बदलला. खूप दिवसांनी कोणी तरी त्यांना त्यांच्या विषयातला प्रश्न विचारला होता. "आहे," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे मले." जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यात नखाएवढा एक बजर असतो, नवीन डब्यांत तो देत नाहीत. तो काढून नव्या बोर्डाला लावायचा. मेमरीची पट्टी पूर्ण काढून टाकायची आणि वीज द्यायची. "प्रोसेसर जिवंत असंल तं तो मेमरी शोधते. नाही सापडली का बोंबलते. बजर वाजला, तं पिना ठीक आहेत. नाही वाजला…"

"चला," मी म्हटलं.

"तू कर. मी हात नाही लावत."

खोलीत बंद हवेचा वास होता. मी खिडकी उघडली, चादर काढून घडी घातली, वायर निघालेली आहे ना ते दोनदा पाहिलं आणि डबा टेबलावर आडवा केला. भाऊजी शेजारी स्टुलावर, हात काखेत. ताई दारात उभी, हाताला कणीक. "आधी डब्याच्या पत्र्याले हात लाव, अंगातली वीज जाऊ दे. हं. आता पट्टीच्या दोन्ही टोकाची क्लिप दाब. अवं सावकाश! तुह्या भांडारातलं खोकं नाही ते." पट्टी निघाली. ती मी टेबलावरच्या कागदावर ठेवून दिली. माझं लक्ष तिच्याकडे नव्हतं, भाऊजींकडे होतं. जुन्या डब्यातला बजर काढला, त्यांनी दाखवलेल्या जागी लावला. एकदा उलटा लावला, त्याबद्दल बोलणी खाल्ली. वायर जोडली. आणि मग आम्ही तिघंही त्या बटणाकडे बघत राहिलो. दाबलं कोणीच नाही.

"दाबा न कोनी तरी!" ताई ओरडली. "माह्या तव्यावर पोळी आहे!"

मी दाबलं. पंखे फिरले. एक क्षण गेला, आणखी एक गेला… आणि बजर वाजला. लांबलचक, थांबून पुन्हा, थांबून पुन्हा. ट्रक मागे घेताना वाजतो तसा. भाऊजींनी डोळे मिटून घेतले. ताई काहीच न कळून माझ्याकडे बघत होती. भाऊजी म्हणाले, "बंद कर. कान गेले." मी बंद केलं. मग ते म्हणाले, "अजून एक डाव लाव बरं."

मी पुन्हा लावलं. पुन्हा बोंबललं. त्यांचे हात केव्हा काखेतून बाहेर आले ते त्यांनाही कळलं नसावं.

"मंग मेमरीच आहे. आण इकडे ती पट्टी." मी कागदावरची पट्टी उचलली. खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची जी रांग असते, तिच्यावर लाल डाग होते. भाऊजी दचकले. "बोट कापलं का वं तुह्य?" मी बोटं पाहिली. कुठंच काही नव्हतं. त्यांनी पट्टी जवळ धरून निरखली, मग नाकाशी नेली.

"कुंकू," ते म्हणाले.

आम्ही दोघांनीही दाराकडे पाहिलं. ताई पदराशी चाळा करायला लागली. "अहो, त्या दिवशी तुमचं पूर्ण जोडून झालं नव्हतं न. मुहूर्त टळत चालला होता. तुम्हीच म्हटलं, पट्टी तेवढी राह्यली, तू पूजा करून घे, अन् नारळ आणायले गेले. मले वाटलं, बाहेरून तं नुसता डब्बा असते, खरं मशीन आत आहे. आत्ता उघडंच आहे, तं आतच वाहावं. चिमूटभर वाहिलं. मंग वाटलं, हे ओरडतील… म्हणून पदरानं पुसून टाकलं."

"पदरानं?" भाऊजींचा आवाज चढला. "कोनत्या साडीच्या?"

"दसऱ्याची नवीन. जांभळी."

"अवं, त्या साडीजवळून गेलं तं माह्ये उरलेले केस उभे राह्यतात! बोर्ड जळला नाही हेच नशीब!" म्हणजे झालं होतं ते असं: वरवरचं कुंकू पदराला लागलं, आणि बाकीचं पदरानंच मेमरीच्या रिकाम्या खाचेत लोटलं गेलं. इतवारीच्या बाजारातून किलोनं आणलेलं ताईचं ते गडद कुंकू. एकदा लागलं की सुटत नाही. त्याच्यावर भाऊजींनी मेमरीची पट्टी बसवली आणि बटण दाबलं. दर वेळी पूजा झाकणं लावल्यावर व्हायची, म्हणून आजवर हे कधी झालं नव्हतं.

ताईनं हळूच विचारलं, "म्हणजे हे माह्यामुळे झालं?"

"हो," मी म्हटलं.

"यांच्या हातानं नाही?"

"नाही, ताई."

ती कणकेच्या हातांनीच पलंगावर बसली. "बरं झालं बाई, माह्यामुळेच झालं!" म्हणाली, आणि रडायला लागली. स्वतःची चूक निघाल्याचा इतका आनंद झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. भाऊजी हसायला लागले ते थांबेचनात. हसता हसता म्हणाले, "जाय, तुही पोळी जळून राह्यली."

पट्टीची कड मी खोडरबरानं घासून लख्ख केली. खाचेत भाऊजींनी सांगितल्याप्रमाणे आधी मऊ ब्रश फिरवला, मग थोडं स्पिरिट, मग फुंकणीनं हवा. कापडावर लालसर डाग येणं बंद होईपर्यंत तेच करत राहिलो. सगळं वाळल्यावर मी पट्टी उचलली, तेवढ्यात ते म्हणाले, "थांब. मी बसवतो."

मला 'नको' म्हणायचं होतं. पिना वाचल्या होत्या, बोर्ड वाचला होता, आता हात हलला आणि खाच मोडली तर? मी काही बोलण्याआधी ताईनं मागून माझा दंड धरला. तिनं इतक्या जोरात धरला होता, की मी पट्टी भाऊजींच्या हातात दिली. ती हवेत थरथरत होती. त्यांनी डाव्या हाताचं मनगट टेबलाच्या कडेवर टेकवलं, उजवा हात त्याच्यावर टेकवला, आणि पट्टी खाचेशी नेली. जशी ती खाचेला टेकली तसं ते थरथरणं कमी होत गेलं. स्वस्थ बसल्यावर जास्त हलणारा हात कामाला लागला की जरा शांत होतो, असं डॉक्टर म्हणाले होते. पण तोवर त्यांनी हाताला काही काम दिलंच नव्हतं. अंगठ्यानं एका टोकाला दाब दिला. टक. मग दुसऱ्या टोकाला. बराच वेळ काहीच नाही… आणि टक.

बटणही त्यांनीच दाबलं. बजर एकदाच, अगदी थोडका वाजला आणि स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटली. ताईनं हात जोडले. भाऊजी खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "निखिलले फोन लाव. सांग, येतो म्हणा पुण्याले. परतीचं तिकीट काढून ठेव म्हणा." पेचकसाची पेटी त्यांनी मला काही दिली नाही. निघताना आठवण केली तर म्हणाले, "तुह्या यादीतून खोड ते."

पुढची काही वर्षं ही कथा बेसाच्या त्या घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यानं ऐकली. सांगताना दर वेळी कुंकू वाढत गेलं. आधी चिमूटभर होतं, मग मूठभर झालं, शेवटी शेवटी ताईनं अख्खा करंडा बोर्डावर पालथा केला होता. "अहो, किती खोटं बोलाल!" ताई स्वयंपाकघरातून ओरडायची, आणि लगेच, "पण माह्यामुळेच झालं होतं बरं," हेही न चुकता सांगायची. मला मात्र पाहुण्यांपेक्षा वेगळंच काही दिसायचं. सांगताना भाऊजींचे दोन्ही हात टेबलावर असायचे, उघडे, हलत असलेले. पेपर बाजूला, घडी घातलेला. चहा ते सगळ्यांसमोर घ्यायला लागले होते. कप मोठा, चहा अर्धा, खाली बशीऐवजी वाटी. सांडला की म्हणायचे, "वाटीचा चहा वेगळा, कपाचा वेगळा. एका पैशात दोन." आजार त्याच्या गतीनं वाढत गेला. चाल लहान झाली, आवाज बारीक झाला, पुढे कॉम्प्युटर जोडणं त्यांनी स्वतःच थांबवलं; थांबवतोय हे आम्हांला सांगून थांबवलं. फोनवरची चौकशी मात्र शेवटपर्यंत चालू होती. आवाज येते का, वास येते का.

तो रविवार झाला नसता तर ते पुण्याच्या एखाद्या फ्लॅटमध्ये, पेपरखाली हात घालून, आपल्या हातांनीच घात केला असं समजत बसले असते, आणि तसेच गेले असते. आम्हांला कोणालाच कधी कळलं नसतं. हे आठवलं की मला अजूनही मोठा श्वास सोडावासा वाटतो.

मागच्या रविवारी ताईच्या पेन्शनचं काम करायला मी बेसाला गेले होते. कामं बरीच होती, म्हणून सरळ मागच्या खोलीत जाऊन भाऊजींचा तो शेवटचा कॉम्प्युटर लावला आणि माउस हलवला. स्क्रीनवरचा बाण जेमतेम सरकला. पुन्हा हलवला. मुंगीसारखा थोडा पुढे. मला वाटलं, माउस बिघडला. खालून पुसून पाहिला, दुसऱ्या ठिकाणी वायर लावून पाहिली, तेच. मग सेटिंग उघडली. बाणाची गती कोणी तरी अगदी तळाला, सगळ्यांत कमीवर नेऊन ठेवली होती. कोणी तरी म्हणजे कोण, हे कळायला वेळ लागला नाही. नेहमीच्या गतीला हात जरा थरथरला की बाण भलतीकडे उडाला असता. इतक्या कमी गतीत हाताचं थरथरणं बाणापर्यंत पोचतच नव्हतं. आमच्यापैकी कोणालाही न विचारता, न सांगता, त्यांनी आपल्या हातांना जमेल असा तो करून घेतला होता.

मला घाई होती. मी गती वाढवायला लागले, तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. "काय करून राह्यली?"

"याची स्पीड वाढवते. किती हळू चालते हे!"

"नको वं," ती म्हणाली. "मले त्यांनी याच्यावरच शिकवलं. रोज निखिलले मीच लावते कॉल, माह्या हातानं. वाढवली तं पळून जाईल तो माह्या हातातून."

तिनं चहा ठेवला आणि शेजारच्या स्टुलावर बसली. मी गती होती तिथंच राहू दिली. माउस सरकवायला जागा पुरेना म्हणून टेबलावरची वहीपेनं बाजूला केली, बाही वर सारली आणि पूर्ण हात लांब करून माउस एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेला. बाण निघाला. सावकाश, कुठलीच घाई नसल्यासारखा, पूर्ण स्क्रीन ओलांडून नेमक्या जागी गेला आणि थांबला. जरासुद्धा हलला नाही.